बिट्टी जायच्या आत कॅमेरा

३ जून

आज सकाळी चहाच्या टेबलावर ठराव पास. घरात डिजिटल कॅमेरा घ्यायचा. स्वस्तातला, रोजच्या वापराचा. सूचना हिची, अनुमोदन बिट्टीचं, अंमलबजावणी माझी. म्हणजे काम झाल्यातच जमा.

कारण असं, की बिट्टीला नर्सची नोकरी लागली आहे, आणि तीही विमानाने जावं लागेल एवढी लांब. दोन सप्टेंबरला निघायचं. करार दोन वर्षांचा, मध्ये रजा नाही. आमचा जुना रोलचा कॅमेरा ती सातवीत असताना बंद पडला. तेव्हापासून पोरीचे फोटो म्हणजे ओळखपत्रांवरचे, आणि त्यांत ती नुकतीच कुठून तरी पकडून आणल्यासारखी दिसते. हिचं म्हणणं, नटूनथटून काढलेले फोटो नकोतच. पोरगी केस विंचरताना, कपाटात डोकं खुपसून मोजे शोधताना, आईशी भांडताना, असे रोजचे पाहिजेत. ती गेल्यावर बघायला. एवढं बोलून ही उगाचच ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता.

मी म्हटलं, जूनअखेर कॅमेरा घरात. शब्द दिला.

५ जून

तिघं दुकानात जाऊन आलो. दुकानदाराने पहिलाच एक चंदेरी कॅमेरा काढून समोर ठेवला. म्हणाला, हा घ्या, सगळे हाच घेतात. सगळे घेतात हेच मला खटकलं. हिने विचारलं, याने फोटो निघतात ना? तो म्हणाला, निघतात. ही म्हणाली, मग द्या. अशा गिऱ्हाइकांमुळेच बाजार बिघडला आहे.

मी दोघींना हाताला धरून बाहेर काढलं. ऑफिसात खरेदी विभाग मी सांभाळतो. तीन कोटेशनं आणि तौलनिक तक्ता झाल्याशिवाय मी स्टेपलरच्या पिनासुद्धा घेतलेल्या नाहीत. घरी येताना बिट्टी म्हणाली, बाबा, पिना मिळेपर्यंत तुमच्या ऑफिसात सगळे कागद उडत असतील. पोरीला विनोदाचं अंग आहे. माझ्याकडूनच आलं.

१० जून

अभ्यास जोरात. मेगापिक्सेल म्हणजे काय ते समजलं. जास्त असणं चांगलं. नंतर दुसऱ्या लेखात वाचलं, जास्त असणं वाईट. दोन्ही बाजू समजल्याने आता मी तज्ज्ञ झालो आहे असं म्हणायला हरकत नाही. डिजिटल झूम ही शुद्ध फसवणूक आहे, खरा झूम ऑप्टिकल. हे जेवणाच्या सुट्टीत साहेबांना समजावून सांगितलं. साहेब मध्येच उठून फोन घ्यायला गेले. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही.

१७ जून, रविवार

क्रांतिकारक शोध. कॅमेऱ्याची परीक्षा कशी घ्यायची ते इंटरनेटवर एका जाणकाराने दिलं आहे. वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान घ्यायचं, सपाट धरायचं, फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून कोपऱ्यातली अक्षरं वाचायची. मधली अक्षरं काय, कुठलाही कॅमेरा टिपतो. खरं खोटं कळतं ते कोपऱ्यात.

अकाउंट्समधल्या टकल्याचा कॅमेरा दोन दिवसांसाठी मागून आणला. पान भिंतीला चिकटवलं. पंख्याने फडफडलं. पंखा बंद केला, तर घामाने माझा चष्मा घसरला. शेवटी चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला, आणि त्यावर हिने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

मग डोकं चाललं. बिट्टी रिकामीच होती. तिला खिडकीजवळ उभं केलं आणि पान दोन्ही हातांत ताणून धरायला लावलं. उत्तम सपाट. उजेडही एकसारखा. टकल्याच्या कॅमेऱ्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातलं ‘भाड्याने देणे आहे’ हे ‘भाड्याने देणे अहे’ असं येतं. कॅमेरा बाद.

ही म्हणाली, कॅमेरा घरात आहे, पोरगी समोर उभी आहे, एक तिचाही काढा की. मी नीट समजावलं. ट्रायलच्या मशीनवर माल काढायचा नसतो. हे आमच्या खात्याचं पहिलं तत्त्व. एकदा मशीन पास झालं की मग हवे तेवढे काढू. ही म्हणाली, पोरगी म्हणजे माल का? मुद्दा सोडून बोलायची हिची सवय जुनीच आहे.

२४ जून

हिच्या मैत्रिणीचा कॅमेरा आणला. नव्या पद्धतीचा आहे. त्यात माणसाचा चेहरा ओळखायची सोय आहे, समोर तोंड दिसलं की पिवळा चौकोन त्यावर जाऊन बसतो. काय हा वात्रटपणा! मी जाहिरातींवर नेम धरतो आणि चौकोन पळत जाऊन बिट्टीच्या नाकावर बसतो. ही सोय बंद कशी करायची ते सापडेना. शेवटी बिट्टीला सांगितलं, पान वर धर, तोंड पूर्ण झाकलं पाहिजे. मग कुठे चौकोन गेला.

पानामागून ती बराच वेळ बोलत होती. तिकडे हॉस्टेलवर खोलीत चौघी असतील, थंडी फार असेल, पहिले काही महिने भाषा कळणार नाही. मी म्हटलं, बोलू नकोस, पान हलतं.

३० जून

मुदत संपली. कॅमेरा नाही. पण हा दोष माझा नाही, बाजाराचा. दर महिन्याला किमती उतरतात. म्हणजे जो थांबतो तो कमावतो. हे हिला सांगितलं. तिने विचारलं, बिट्टी थांबणार आहे का? बायकांना अर्थशास्त्र कळत नाही.

नवी मुदत, १५ जुलै. ही पक्की.

८ जुलै

धडाडीने एक कॅमेरा विकतच घेतला. बिट्टी आनंदाने टुणकन उडाली. मी म्हटलं, थांब, सात दिवसांत परत करायची सोय आहे म्हणून घेतला आहे. आधी परीक्षा.

ती गुपचूप जाऊन वर्तमानपत्र घेऊन आली आणि खिडकीशी उभी राहिली. गुणी पोर. सांगावं लागत नाही.

१३ जुलै

परत केला. उजव्या वरच्या कोपऱ्यातला टेलिफोन नंबर धूसर. दुकानदार म्हणाला, साहेब, तुम्हाला त्या नंबरावर फोन करायचा आहे का? मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याने मागच्या पोऱ्याला खूण केलेली मात्र मी पाहिली.

२२ जुलै, रविवार

साडू आले. बिट्टीच्या निरोपाचं जेवण म्हणून हिने सगळ्यांना बोलावलं होतं. यांच्या खिशात कॅमेरा! लालभडक. कसा निवडला म्हणून विचारलं, तर म्हणतात, रंग आवडला. दहा मिनिटांत घेतला. मेगापिक्सेल किती? माहीत नाही. झूम कोणता? हसले. मला त्यांची कीव आली.

दिवसभर हा गृहस्थ सुटल्यासारखा फोटो काढत होता. बिट्टी आणि तिची आई भांडी घासताना फेस उडवत होत्या, तो काढला. बिट्टी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून लोळली, तो काढला. ही तिच्या केसांना तेल लावत होती, तो काढला. उजेड मागून येत होता, मी तीनदा सांगितलं. ऐकतो कोण! छोट्या पडद्यावर बघून सगळे खिदळत होते. ही तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, हेच, अगदी हेच मला पाहिजे होतं.

जाताना मी साडूंना म्हटलं, आठवडाभर कॅमेरा ठेवून जा, याचीही परीक्षा होऊन जाऊ दे. माणूस भोळा. ठेवून गेले.

२३ जुलै

लाल कॅमेऱ्याची परीक्षा. कार्डात जागा नव्हती. शिवाय कार्ड कोरं असल्याशिवाय तुलना न्याय्य होत नाही. म्हणून फॉरमॅट केलं.

निकाल: तीन कोपरे साफ. चौथ्यात किंचित काळसर छटा. रंगावर भाळून घेतलेल्या वस्तूकडून अपेक्षा तरी काय ठेवायची?

२३ जुलै, संध्याकाळी

ही विचारत होती, कालचे फोटो कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे. मी बाजारात जाऊन येतो म्हणून बाहेर पडलो.

शांतपणे विचार केला. ते फोटो तांत्रिकदृष्ट्या सुमारच होते. उजेड मागून. दोन तर हललेले. आणि कार्ड पुसताना कॅमेऱ्याने फक्त एकदाच विचारलं, नक्की का? चांगल्या कॅमेऱ्याने दोनदा विचारलं असतं. म्हणजे दोष कॅमेऱ्याचाच. हिला तसंच सांगितलं, की कॅमेऱ्यात बिघाड आहे, त्याने फोटो खाल्ले.

ही कॅमेरा हातात घेऊन एकेक बटण दाबून बघत राहिली. बिट्टी म्हणाली, जाऊ दे आई, अजून महिना आहे की.

रात्री जेवण गेलं नाही. बहुधा बाहेरच्या चहामुळे.

२९ जुलै

साडू कॅमेरा न्यायला आले. त्यांना वाईट वाटलं. वर मलाच म्हणाले, तुम्ही तपासलंत म्हणून बिघाड कळला, नाहीतर विमानतळावर ऐनवेळी घोटाळा झाला असता. आता लगेच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो, वॉरंटीत आहे. मी म्हटलं, अहो, एवढं काही नाही, वापरा तसाच. ते म्हणाले, छे छे, बिट्टीच्या निरोपाला मला धोका पत्करायचा नाही.

मी जास्त ताणलं नाही. सर्व्हिस सेंटरवाले सांगतील काय ते. तपासणी झाली म्हणजे वस्तूचं आयुष्यच वाढतं.

५ ऑगस्ट

खळबळजनक बातमी. महिनाअखेर नवीन मॉडेल येतंय. हात हलला तरी फोटो हलत नाही! आता जुनं घेणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. घरात घोषणा केली. हिने मान वर केली नाही. बिट्टीच्या बॅगेत स्वेटर कसे मावतील याचा दोघी विचार करत होत्या. तो प्रश्न मी तक्ता करून सोडवू का म्हणून विचारलं. दोघी एकदम नको म्हणाल्या.

१२ ऑगस्ट, रविवार

समोरच्या बिल्डिंगमधल्या डॉक्टरांचा कॅमेरा मिळाला. महाग आहे, आपल्याला घ्यायचा नाही, पण तुलनेला एक मापदंड हवा. खिडकीजवळ सेशन.

बिट्टीने आज फार त्रास दिला. ऐन क्लिक करताना पान खाली करून डोकावायची. एकदा जीभ काढली. एकदा डोळे तिरळे केले. एकदा नुसतीच बघत राहिली माझ्याकडे, हसता हसता थांबली आणि बघतच राहिली. मी ओरडलो. म्हटलं, हा काय पोरखेळ चालवला आहेस? ती म्हणाली, बाबा, एक तरी माझा येऊ दे ना. मी म्हटलं, येईल येईल, मशीन पास होऊ दे.

हललेले, डोकावलेले सगळे जागच्या जागी डिलीट केले. डेटा शुद्ध पाहिजे.

२० ऑगस्ट

नवीन मॉडेल लांबलं. ऑक्टोबर म्हणतात.

हरकत नाही. वेळ आहे तोवर तक्ता पूर्ण करतो. सगळे गुण, किंमत, बॅटरी, वजन, कोपरे. गुणांकन काटेकोर. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, असा तक्ता मी आयुष्यात पाहिला नाही. मला भरून आलं.

२६ ऑगस्ट

निकाल!!

एकूण गुणांत पहिला आला तो चंदेरी कॅमेरा. पाच जूनला दुकानदाराने पहिल्यांदा काढून ठेवलेला तोच. काही लोक म्हणतील, मग तेव्हाच का नाही घेतला? ते अडाणी. तेव्हा घेतला असता तर तो अंदाज झाला असता. आता तो निष्कर्ष आहे.

उद्या घेणार. पूर्ण आठवडा हातात आहे. रोजचे फोटो म्हणजे शेवटी किती लागतात?

२७ ऑगस्ट

ते मॉडेल कंपनीने बंद केलं. दुकानदार म्हणाला, शेवटचा नग परवा गेला. एका बाईंनी घेतला, तीन मिनिटांत. मी म्हटलं, मग त्याच्या जवळचं दुसरं काही दाखव. तो म्हणाला, साहेब, खरं सांगू का, तुम्ही दुसऱ्या दुकानात जा. आमच्या मालकांनीच सांगितलंय.

या शहरात ग्राहकाला किंमत राहिलेली नाही.

३० ऑगस्ट

हिने कॅमेऱ्याविषयी विचारणं सोडून दिलं आहे. घरात शांतता. साडूंना फोन केला, लाल कॅमेरा कधी येतोय? ते म्हणाले, सर्व्हिस सेंटरवाल्यांना बिघाडच सापडत नाहीये, म्हणून त्यांनी पुढे मुख्य ऑफिसला पाठवलाय. तुम्ही म्हणालात म्हणजे असणारच, मी त्यांना ठासून सांगितलंय.

माणसाने माणसावर इतका विश्वास ठेवू नये.

डॉक्टरांकडे गेलो. कुलूप. सहकुटुंब बाहेरगावी. टकल्याने त्याचा कॅमेरा मेहुण्याला देऊन टाकला. हिच्या मैत्रिणीला फोन करायची हिंमत झाली नाही, तिचं कार्डही मी साफ केलं होतं.

२ सप्टेंबर

विमानतळ. सगळीकडे लोक फोटो काढत होते. काय ते कॅमेरे! डिजिटल झूमवाले, फुटकळ, नाव न ऐकलेले. फ्लॅश तोंडावर मारत होते. फोटो नक्कीच बिघडले असणार.

आमच्याकडे कॅमेरा नाही. आमच्या मोबाइलला नुसता आवाज आहे. साडू सारखे हळहळत होते, कंपनीला शिव्या देत होते. मीही दिल्या. हिने दोन्ही हातांनी बिट्टीचा चेहरा धरला आणि बघत राहिली, कितीतरी वेळ, मागची माणसं खोळंबली तरी. मी म्हटलं, अगं, उशीर होतोय. तेव्हा ही पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. चारचौघांत. म्हणाली, बघू द्या मला, माझ्याकडे एवढंच राहणार आहे.

बिट्टी माझ्या पाया पडायला वाकली आणि मध्येच गळ्यातच पडली. म्हणाली, बाबा, कॅमेरा घेतलात की आईचे फोटो काढा, ती एकटी पडेल. मी म्हटलं, ऑक्टोबरात नवीन मॉडेल येतंय.

मग चष्मा काढून पुसला. काचा धुरकट झाल्या होत्या. तिथला एसी फार.

९ सप्टेंबर

बिट्टीचा फोन. तब्येत ठीक, थंडी आहे, जेवण बेचव. खोलीतल्या बाकीच्या मुलींनी आपापल्या पलंगावर घरचे फोटो लावलेत. तिची भिंत रिकामी. म्हणाली, काहीही पाठवा, घर, खिडकी, तुम्ही दोघं.

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, एवढे तीन महिने खटाखट काढत होतात, ते कुठे आहेत? मी म्हटलं, ते परीक्षेचे. ती म्हणाली, दाखवा.

कॉम्प्युटर लावून दिला. सगळी पानंच. मी बाजूला बसून सांगत होतो, हा अमुक कॅमेरा, याचा हा कोपरा बघ. ही काही ऐकत नव्हती. एकेका फोटोवर थांबत होती. मला वाटलं, हिला अखेर विषयात रस निर्माण झाला.

मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. पानाच्या कडेला. म्हणाली, हा डबा उघडताना कापला होता तो दिवस.

कडेला अंगठा होता. त्यावर पट्टी. मी इतक्या वेळा तो फोटो मोठा करून बघितला होता, पण बघत होतो अक्षरं. प्रत्येक फोटोत डावीकडे एक, उजवीकडे एक, पान ताणून धरलेले बिट्टीचे अंगठे. एकात नखांना लाल रंग. पुढच्यात तो अर्धा खरवडलेला, हॉस्पिटलात चालत नाही म्हणून. एकात शाई, व्हिसाचा फॉर्म भरला त्या दिवशीची. एकात कणीक. ही एकेक दिवस ओळखत गेली. मी एकही ओळखला नाही.

शेवटी तिने विचारलं, मध्ये मध्ये ती डोकावायची ना हो, मला ऐकू यायचं स्वयंपाकघरात, तुम्ही ओरडायचात. ते कुठे आहेत?

मी म्हटलं, ते पुसले. तेही, आणि साडूंच्या कॅमेऱ्यातलेही मीच.

ही पुढचा फोटो बघायला लागली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर

पट्टीवाला फोटो निवडला. हिने. एक बिट्टीला पाठवायला, एक घरात लावायला. प्रिंट काढायला दुकानात गेलो. मुद्दाम लांबच्या, जिथे मला कोणी ओळखत नाही.

प्रिंट काढणाऱ्याने फोटो पडद्यावर घेतला. म्हणाला, साहेब, ही जुनी जाहिरात पाहिजे का? अक्षरं एकदम झकास आली आहेत. मी म्हटलं, जाहिरात नको, मधलं सगळं काढून टाका, दोन्ही कडा ठेवा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग कडा मोठ्या केल्या. म्हणाला, या तर हललेल्या आहेत, अंगठेबिंगठे काहीतरी आलंय, सगळं धूसर. एवढं मोठं केलं तर आणखी खराब दिसेल, पैसे फुकट जातील.

मी म्हटलं, जाऊ देत. मोठ्यातल्या मोठ्या आकारात काढा.